तार दोन सेंटीमीटर मागे घ्या

मानेतल्या शिरेत सुई गेली, सिरिंजमध्ये काळपट रक्त आलं, की डॉक्टर सिरिंज काढून सुईतून एक तार आत सरकवू लागतात. तार लवचिक असते आणि तिचं टोक आकड्यासारखं वळवलेलं असतं, म्हणजे ते शिरेच्या भिंतीत रुतत नाही. लांबी साधारण साठ सेंटीमीटर. नंतर याच तारेवरून सेंट्रल लाइन नावाची नळी आत घालायची असते. बघणाऱ्याला वाटतं, डॉक्टरांचं सगळं लक्ष बोटांकडे आहे. खरं तर निम्मं लक्ष कानात असतं. मॉनिटर दर ठोक्याला टिंग करत असतो, एका लयीत. तार अठरा-वीस सेंटीमीटरच्या पुढे गेली की कधीकधी एक टिंग वेळेआधीच पडतं, मग जरा जास्तच लांब थांबा, मग पुन्हा पहिली लय. भजन रंगात आलेलं असताना कुणी भलत्याच ठिकाणी टाळ वाजवावा, तसं. शेजारची सिस्टर स्क्रीनकडे बघून म्हणते, "मॅडम, एक्टोपिक येतायत." मॅडम काही बोलत नाहीत. तार दोन सेंटीमीटर मागे घेतात आणि लय जागेवर येते.

प्रसंग एवढाच. औषध दिलं नाही, शॉक दिला नाही, कुणाची धावपळ झाली नाही. तार हृदयाच्या आतल्या भिंतीला लागली म्हणून हृदयानं एक ठोका जादा टाकला, आणि तार सुटल्याबरोबर ते पुन्हा आपल्या कामाला लागलं. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आयसीयूत आणलेल्या बऱ्याच रुग्णांच्या मानेत अशी नळी असते. नातेवाइकांना ती दिसते, औषधं द्यायला घातली आहे असं त्यांना सांगितलं जातं, आणि ते खरंही असतं. नळी घालताना असे आगंतुक ठोके पडणं इतकं नेहमीचं आहे की त्याची वेगळी नोंदही सहसा होत नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात ते मोजले गेले. ५१ वेळा नळ्या घातल्या किंवा बदलल्या. त्यांतल्या ४१ टक्के वेळा हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून आणि २५ टक्के वेळा खालच्या कप्प्यांतून चुकार ठोके उमटले.

मला आकड्यांपेक्षा त्यामागचा प्रश्न जास्त छळतो. नुसता स्पर्श झाला म्हणून हृदय ठोका का टाकतं?

हात उचलायचा तर मेंदूकडून नसेमार्फत हुकूम यावा लागतो. नस तुटली की हात लुळा. हृदयाला असा हुकूम लागत नाही. मेंदू त्याचा वेग कमी-जास्त करू शकतो, पण ठोका हृदयातच जन्मतो. हा ठोका नेमका कुठे जन्मतो, ते १९०६च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एका घरात उमगलं. शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथ सायकलवरून फिरायला बाहेर पडले होते, आणि मार्टिन फ्लॅक हा त्यांच्याबरोबर काम करणारा वैद्यकीचा विद्यार्थी घरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. काचेखाली होते मोल नावाच्या, जमीन पोखरणाऱ्या एका चिमुकल्या प्राण्याच्या हृदयाचे काप. अंगातलं रक्त परत आणणारी मोठी शीर उजव्या वरच्या कप्प्यात जिथे उघडते, तिथे त्याला आजूबाजूच्या स्नायूपेक्षा वेगळ्याच पेशींचा एक पुंजका दिसला. कीथ परतल्यावर त्यानं तो दाखवला. पुढच्या वर्षी दोघांनी तो जगापुढे मांडला. हा पुंजका म्हणजे सायनस नोड, आपल्या प्रत्येक ठोक्याचं उगमस्थान.

आता गंमत बघा. सेंट्रल लाइनचं टोक कुठे असावं? याच मोठ्या शिरेच्या खालच्या टोकाशी, ती हृदयात शिरते त्या उंबरठ्याजवळ. तिथे रक्ताचा ओघ मोठा असतो, त्यामुळे दाहक औषधंसुद्धा लगेच पातळ होतात. म्हणजे नळीसाठी जी सर्वांत चांगली जागा, तिला लागूनच हृदयाचा तालप्रमुख बसलेला आहे. नळी थोडी जास्त आत गेली की ती त्याच्या अंगणात.

पण तालप्रमुख असला तरी त्याची मक्तेदारी नाही. हृदयाच्या जवळपास कुठल्याही भागातल्या पेशी वेळ आली तर ठोका सुरू करू शकतात. सगळ्या पेशी एकमेकींशी विजेनं जोडलेल्या असल्यामुळे एका ठिकाणी ठिणगी पडली की ती सगळीकडे पसरते. हृदयात ज्येष्ठता चालत नाही. जो आधी पेटला, तो ठोका त्याचा. एरवी सायनस नोड सर्वांत चपळ, म्हणून त्याचं राज्य. आणि ठिणगी पडायला वीजच लागते असंही नाही. या पेशींच्या आवरणात अशी सूक्ष्म दारं आहेत की जी ताणानं उघडतात. आवरण दाबलं, खेचलं गेलं की दार उघडतं, धनभारित कण आत शिरतात, पेशीचा विद्युतदाब चढतो आणि ठरावीक पातळी ओलांडली की पेशी पेटते. शरीराला स्पर्श कळतो तो याच प्रकारच्या दारांमुळे. पीएझो नावाची अशी दारं आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेनं २०१० साली शोधली आणि २०२१च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. कातडीला लागलेलं बोट आपल्याला 'कळतं'. हृदयाला लागलेली तार कुणालाच जाणवत नाही, रुग्णालाही नाही. हृदय तिला परस्पर उत्तर देऊन मोकळं होतं.

हे उत्तर नेहमी निरुपद्रवी असतं असं मात्र नाही. खेळताना छातीवर चेंडू बसून धडधाकट मुलगा जागीच कोसळतो, असे प्रसंग वैद्यकाला माहीत आहेत. फासळी मोडलेली नसते, हृदयाला जखमही नसते. १९९८ साली बोस्टनच्या एका गटानं भूल दिलेल्या डुकरांवर प्रयोग करून याचं कोडं सोडवलं. ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाचा बेसबॉल छातीवर आदळला, पण ठोक्याच्या चक्रात तो कधी आदळला यावर सगळं अवलंबून होतं. ईसीजीमधली टी लहर माथ्याला पोचण्याआधीच्या १५ ते ३० सहस्रांश सेकंदांत धक्का बसला, तर हृदय थरथरू लागे आणि रक्त ढकलणं बंद होई. त्या फटीच्या अलीकडे-पलीकडे बसलेला तोच चेंडू जवळजवळ वाया जाई. एका ठोक्यानंतर हृदयाचे काही भाग पुन्हा सज्ज झालेले असतात, काही अजून झालेले नसतात; त्या अर्धवट क्षणी पडलेली ठिणगी सरळ न पसरता गोल गोल फिरत राहते. कॅथेटरचं, म्हणजे नळीचं टोक चेंडूच्या मानानं अगदी मवाळ, पण ते आत बसून पुन्हा पुन्हा टोचत असतं, आणि आयसीयूतलं हृदय त्या मुलाच्या हृदयासारखं धडधाकट नसतं.

हृदयात मुळात नळी घालता येते, हे दाखवणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावातल्या रुग्णालयात १९२९ साली वर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला शिकाऊ डॉक्टर होता. वरिष्ठांनी हा प्रयोग करायला साफ मनाई केली होती. शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या किल्ल्या गेर्डा डिट्झेन या नर्सकडे होत्या. फोर्समाननं तिला इतकं पटवलं की ती स्वतःवरच प्रयोग करून घ्यायला तयार झाली. त्यानं तिला टेबलावर बांधलं, तिच्या हातावर जंतुनाशक लावत असल्याचा बहाणा केला आणि तेवढ्यात स्वतःच्या डाव्या कोपराजवळची शीर उघडून तीत मूत्रवाहिनीसाठी वापरतात ती बारीक नळी सरकवली. ६५ सेंटीमीटर. तिला कळलं तेव्हा उशीर झाला होता. मग तिला सोडवून, हातात नळी तशीच लोंबत असताना तो जिना उतरून क्ष-किरण विभागात गेला, आणि नळीचं टोक उजव्या वरच्या कप्प्यात असलेला फोटो काढवून घेतला. आणखी पुढे ढकलायला नळीची लांबीच उरली नव्हती. मला वाटतं, त्या दिवशी त्याच्या नशिबाचा मोठा भाग या अपुऱ्या लांबीत होता. पुढचं टोक खालच्या कप्प्यात गेलं असतं, आणि त्या काळी हृदय थरथरू लागलं तर ते थांबवायचं साधन कुठल्याच रुग्णालयात नव्हतं. १९५६ साली न्यूयॉर्कचे आंद्रे कूर्नाँ आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांच्याबरोबर त्याला नोबेल मिळालं, तेव्हा तो एका छोट्या गावात मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम करत होता. त्याला डोक्यावर घेऊन नाचणाऱ्यांनी एवढं मात्र ध्यानात ठेवावं की १९३२पासून तो नाझी पक्षाचा सदस्य होता.

कूर्नाँ-रिचर्ड्स यांच्या काळातल्या नळ्या ताठर होत्या. त्या क्ष-किरण यंत्राखालीच पुढे सरकवाव्या लागत, आणि खालच्या कप्प्यातून जाताना हृदयाला इतक्या डिवचत की ज्या अत्यवस्थ रुग्णाला त्या तपासणीची सर्वांत जास्त गरज, त्याच्यावरच ती करायला डॉक्टर धजावत नसत. १९६७ साली लॉस एंजेलिसमधले आयरिश हृदयरोगतज्ज्ञ जेरेमी स्वॉन आपल्या मुलांना घेऊन सँटा मोनिकाच्या किनाऱ्यावर गेले होते. वारा पडलेला, शिडाच्या होड्या खोळंबलेल्या. त्यांतली एक मात्र फुगलेलं मोठं शीड घेऊन आरामात चालली होती. नळीला शीड लावलं तर? रक्ताचा प्रवाहच तिला ओढून नेईल. शिडाच्या जागी पुढे फुगा आला. चेकोस्लोव्हाकियातून नुकतेच आलेले विल्यम गँझ यांनी तापमान मोजायचं तंत्र जोडलं, त्यामुळे हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं तेही कळू लागलं. १९७० साली फुग्याच्या कॅथेटरवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि स्वॉन-गँझ ही जोडी जगभरच्या आयसीयूत पोचली.

हे कॅथेटर आत जाताना बघणं म्हणजे आंधळ्या वाटेवर नुसत्या दाबावरून गाव ओळखण्यासारखा खेळ आहे. ते ११० सेंटीमीटर लांब असतं आणि दर दहा सेंटीमीटरवर काळी खूण असते. उजव्या मानेतून वीसच्या आसपास गेलं की स्क्रीनवर लहान लहान लाटा दिसतात: उजवा वरचा कप्पा, दाब पाऱ्याचे दोन ते सहा मिलिमीटर. इथे फुग्यात दीड मिलिलिटर हवा भरतात. तिशीच्या खुणेच्या आसपास लाट एकदम उंच उडी घेते, वर वीस-पंचवीस आणि खाली जवळजवळ शून्य: खालचा कप्पा. चाळिशीच्या पुढे वरचा आकडा तेवढाच राहतो पण खालचा चढून आठ-दहाच्या पुढे जातो: फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी. पन्नाशीच्या आसपास फुगा एका शाखेत अडकतो आणि लाटा बसून जातात. क्ष-किरणांचा फोटो न काढता, रुग्णाच्या खाटेशीच, नुसत्या रेघेच्या आकारावरून टोक कुठे आहे हे सांगता येतं.

या सगळ्या वाटेत धोक्याचा टप्पा एकच, तिशी ते चाळिशी. फुगलेला फुगा टोकाला वेढून त्याच्या थोडा पुढे येतो, त्यामुळे भिंतीला टोक न लागता मऊ फुगा लागतो. स्वॉन यांच्या शोधाचं अर्धं श्रेय या गुबगुबीतपणाला द्यायला हवं. तरीही आगंतुक ठोके पडतातच. कधी एखाद-दुसरा, कधी चार-पाच सलग, कधी त्याहून लांब धाव. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २००३च्या मार्गदर्शक सूचनांत तोवरच्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले. लयीतल्या किरकोळ बिघाडांचं प्रमाण कुठे ४.७ टक्के, तर कुठे ६८.९ टक्के. गंभीर बिघाडांचं ०.३ पासून ६२.७ टक्क्यांपर्यंत. एकाच गोष्टीच्या दोन मोजण्यांत दोनशे पटींचा फरक! कुणाला 'गंभीर' म्हणायचं, रुग्ण किती आजारी, हात किती सरावाचा, यावर सगळं ठरतं. अशा आकड्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. रुग्णाला कसं झोपवलं आहे यानंही फरक पडतो. डोकं खाली करून झोपवलं तर शिरा फुगतात आणि सुई घालायला सोपं जातं, पण कॅथेटर पुढे सरकवताना डोकं जेमतेम पाच अंश वर आणि अंग उजवीकडे कललेलं ठेवलं तर ठोके कमी चुकतात, असं १९८९ साली दिसून आलं. फुगा हवेचा आहे; रक्तात तो वरच तरंगणार, आणि फुप्फुसाकडची वाट वर यावी म्हणून अंग कलवायचं.

चुकार ठोक्यांपेक्षा विलक्षण असा दुसरा एक अपघात आहे. वरच्या कप्प्यांतून खाली येणारी वीज मधल्या एका गाठीपाशी क्षणभर थबकते. ही गाठ सुनाओ तावारा या जपानी संशोधकानं जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये काम करताना १९०६ साली वर्णन केली. तिथून वीज हिस नावाच्या जुडग्यातून उतरते आणि उजव्या-डाव्या शाखांत वाटली जाते. डावी शाखा लवकरच पसरट होऊन फाकते. उजवी मात्र बरंच अंतर एकाच सडपातळ दोरीसारखी, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या उजव्या अंगाला, काही ठिकाणी आतल्या पातळ अस्तराच्या अगदी खालून जाते. कॅथेटरचं टोक जाता जाता नेमकं तिथे आपटलं की उजवी शाखा मुकी होते. जखम दिसत नाही, रुग्णाला काही कळत नाही, ईसीजीतला ठोका मात्र एकाएकी रुंद होतो. विजेला डावीकडून वळसा घालून उजवीकडे यावं लागतं, म्हणून वेळ लागतो. वर सांगितलेल्या सूचनांत याचं प्रमाण ०.१ ते ४.३ टक्के दिलं आहे. बहुतेकदा काही तासांत शाखा पुन्हा बोलू लागते.

पण ज्याची डावी शाखा आधीच निकामी आहे, त्याचं काय? उजवी हीच त्याची एकमेव वाट. ती बंद झाली की वरचे कप्पे इमानेइतबारे धडधडत राहतात, स्क्रीनवर त्यांच्या छोट्या लाटा नियमित येत राहतात, आणि त्यांच्यामागे काहीच येत नाही. अशा रुग्णांत पूर्ण खोळंबा होण्याचं प्रमाण शून्यापासून ८.५ टक्क्यांपर्यंत नोंदलेलं आहे. म्हणून कॅथेटर घालण्याआधी जुना ईसीजी काढून बघणं ही औपचारिकता नव्हे. डावी शाखा गेलेली दिसली तर बाहेरून हृदय चालवायचे पॅड आधीच छातीवर चिकटवून ठेवतात.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस हे सगळं अधिक नाजूक असतं. बायपास होऊन आलेल्या रुग्णाचं हृदय हाताळलेलं, थंड केलेलं, पुन्हा सुरू केलेलं असतं. लघवीवाटे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम निघून गेलेलं असतं. रक्तदाब टिकवायला ॲड्रिनलिनच्या जातीची औषधं चालू असतात, आणि ती दाब वाढवता वाढवता पेशींना चिडखोरही करतात. एरवी ज्या स्पर्शाकडे हृदयानं दुर्लक्ष केलं असतं, त्यावर ते आता उसळून उठतं. त्यात बायपासनंतर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्याच रुग्णांत वरचे कप्पे आपोआपच बेताल होतात. त्यामुळे लय बिघडली की 'ऑपरेशननंतर होतंच' म्हणून अमिओडॅरोनचं ड्रिप लावून मोकळं व्हायचा मोह होतो. निम्म्या वेळा ते बरोबरही असेल. तरी औषधाच्या आधी छातीचा फोटो बघावा, नळीचं टोक कुठवर आहे ते बघावं, हा जुन्याजाणत्यांचा आग्रह मला रास्त वाटतो. कारण टोक काल जिथे होतं तिथेच आज असेल असं नाही.

नळी बाहेरून टाके घालून पक्की केलेली असते. आत ती मोकळीच असते. रक्ताच्या उबेनं ती मऊ पडते. रुग्णाला पाठ पुसायला कुशीवर वळवलं, त्यानं मान झुकवली, की टोक सरकतं. दंडातून घातलेल्या लांब नळीचं तर विचारूच नका: बाजूला पसरलेला हात अंगाशी घेतला की तिचं टोक सरासरी दोनेक सेंटीमीटर हृदयाकडे उतरतं. हात पसरून फोटो काढला, टोक अगदी जागेवर होतं. हात छातीशी घेऊन झोपल्यावर धडधड सुरू. उठून बसलं की थांबली. असं कुणी सांगितलं तर ते भीतीपोटी बोलतायत असं समजू नये.

स्वॉन-गँझचं टोक उलट दिशेनं घसरतं तेव्हा सिस्टरच्या डोळ्यांची परीक्षा असते. रोहिणीतली लाट पंचवीसवर दहा अशी चाललेली असते. वरचा आकडा तसाच राहतो, खालचा दोनवर येतो. अलार्म वाजेल इतकं काही घडलेलं नसतं, पण टोक घसरून खालच्या कप्प्यात आलेलं असतं, फुगा रिकामा आहे, आणि उघडं टोक दर ठोक्याला पडद्याला ढुशा देतं आहे. थोड्याच वेळात रुंद ठोक्यांच्या रांगा लागू शकतात. अशा वेळी फुगा भरून टोक झाकायचं, किंवा फुगा रिकामा आहे याची खात्री करून नळी वरच्या कप्प्यापर्यंत ओढून घ्यायची. भरलेला फुगा मागे ओढला तर झडप फाटू शकते.

याच नळ्यांची आणखी एक बाजू सहसा कुणी सांगत नाही. त्यांच्यात खारं पाणी असतं आणि खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. दोन हातांतून जाणाऱ्या विजेनं हृदय थरथरायचं तर सुमारे शंभर मिलिॲम्पिअर लागतात, कारण बरीचशी वीज वाटेत इकडेतिकडे पांगते. तीच वीज नळीतून थेट हृदयाच्या भिंतीवर पोचली तर त्याच्या हजाराव्या हिश्शानंही भागतं. बोटाला जाणवणारही नाही इतका हा प्रवाह. म्हणून हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या उपकरणांतून गळणारा प्रवाह नेहमीच्या स्थितीत दहा मायक्रोॲम्पिअरच्या आत असावा, असा नियम आहे. आयसीयूतल्या मॉनिटरच्या जोडणीपाशी चौकोनात छोटंसं हृदय काढलेलं असतं, ते याच नियमाचं चिन्ह.

पण वीज बाहेरून आत जाते, तशी आतून बाहेरही येते! नळीतल्या खाऱ्या पाण्याला किंवा तारेलाच ईसीजीची क्लिप जोडली, तर नळीचं टोक हृदयाच्या आत ठेवलेला कान होतं. टोक सायनस नोडच्या जवळ येऊ लागलं की वरच्या कप्प्यांची पी लहर हळूहळू उंच होत जाते, उंबरठ्यापाशी सर्वांत उंच होते, आणि वरच्या कप्प्यात आणखी आत गेलं की तिचा सुरुवातीचा भाग उलटा पडू लागतो. उलटा भाग दिसला की जरा मागे यायचं. ज्या विजेला धक्का लागू नये म्हणून एवढी सावधगिरी, तीच नळीला जागा दाखवते. दंडातून घालायच्या नळ्यांसाठी ही पद्धत आता रुळली आहे, आणि मला ती या सगळ्या तंत्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

स्वॉन-गँझचा सुवर्णकाळ मात्र सरला. मोठ्या जोखमीच्या शस्त्रक्रिया झालेल्या १,९९४ वयस्क रुग्णांवर कॅनडात चाचणी झाली. २००३ साली तिचे निकाल आले तेव्हा कॅथेटर घातलेल्यांत ७.८ टक्के आणि न घातलेल्यांत ७.७ टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले होते. फायदा शून्य. अमेरिकेत १९९३ ते २००४ या काळात वापर ६५ टक्क्यांनी घटला. त्याची बरीच कामं सोनोग्राफीनं उचलली. हृदयरोपण किंवा अवघड हृदयशस्त्रक्रियेनंतर ते अजूनही लागतं, आणि साध्या सेंट्रल लाइनशिवाय तर आयसीयू चालतच नाही. त्यामुळे टोचणारी टोकं कायमच राहणार आहेत.

स्पर्शाला ठोक्यानं उत्तर द्यायच्या हृदयाच्या या खोडीचा उपयोगही करून घेता येतो. दोन्ही शाखा बंद पडून खालचे कप्पे थांबले आणि वरच्यांच्या लाटा चालू आहेत, अशा वेळी बाहेरून मुठीनं ठोकून हृदय चालवता येतं, हे एडुआर्ड शॉट या जर्मन डॉक्टरनं १९२० साली नोंदवून ठेवलं आहे. युरोपातल्या पुनरुज्जीवनाच्या सूचनांत ते आजही आहे: पेसिंगची तार किंवा यंत्र लगेच हाताशी नसेल तर मुठीची कड छातीच्या हाडाच्या खालच्या भागाच्या डाव्या बाजूला, हात जेमतेम दहा सेंटीमीटर उचलून, मिनिटाला ५० ते ७० वेळा. हे मॉनिटर लावलेल्या रुग्णावर, जाणत्या माणसानं करायचं काम. दर गुद्द्याला स्क्रीनवर एक रुंद ठोका उमटतो का आणि मानेला नाडी लागते का ते बघायचं. लागत असेल तर यंत्र येईपर्यंत हात चालू ठेवायचा. लागत नसेल तर वेळ न घालवता नेहमीसारखं छाती दाबायला लागायचं.